तेलाच्या डब्यातला कूलर: सोळा दिवसांचं एक प्रकरण

नागपूरच्या सक्करदरा भागातल्या एका गल्लीतलं हे प्रकरण आहे. नववीतल्या एका मुलीला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी चालतं मॉडेल करायचं होतं. शाळेच्या अटी तीनच होत्या. मॉडेल स्वतःच्या हाताने केलेलं हवं, खर्च ५०० रुपयांच्या आत हवा आणि त्यात काहीतरी मोजून दाखवता आलं पाहिजे. हाताशी सोळा दिवस होते. तिने विषय म्हणून कूलर घेतला आणि प्रश्न ठरवला: कूलरच्या जाळीत भरतात ती वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या सालपट्यांची घास जास्त गार करते की वाळा?

ज्या शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथल्या मुलीला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. होळीच्या आसपास घरोघरी कूलर बाहेर निघतात, जुनी घास उपटली जाते, टाकीतला गंज खरवडला जातो. त्यामुळे मदतीला माणसं कमी पडणार नव्हती. गल्लीत पत्र्याचं काम करणारे काका होते, गाद्या भरणारे चाचा होते, वायरिंगचं काम करणारा एक भाऊ होता, घरात आजी होती आणि शाळेत विज्ञानाच्या मॅडम. प्रत्येकाला कूलर ठाऊक होता, पण प्रत्येकाला आपापल्या कामापुरताच. पूर्ण कूलर का गार करतो हे नीट सांगणारं गल्लीत कोणी नव्हतं, आणि आमच्या मते या प्रकल्पाला त्याचाच फायदा झाला. तुकडे जोडायचं काम तिच्याकडेच राहिलं.

डबा

सांगाडा म्हणून तिने खाद्यतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. तो साधारण २४ × २४ सेंटिमीटर बुडाचा आणि ३५ सेंटिमीटर उंच असतो. पत्रा पातळ असल्यामुळे हातकात्रीने कापता येतो आणि खालचा भाग आपोआप टाकी होतो. डबा आधी उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवावा लागतो. तेलाचा पातळ थर राहिला तर तेलकट झालेल्या घासेवर पाणी धरत नाही, ओघळून जातं. पहिल्या धुण्यानंतर बोट फिरवून पाहिलं तर डबा स्वच्छ वाटला, पण पाण्यावर तवंग दिसत होता. म्हणून दुसरं धुणं.

आखणी अशी होती. तीन बाजूंना १८ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच खिडक्या, बुडापासून ९ सेंटिमीटर सोडून. चौथ्या बाजूला पंख्यासाठी ११.५ सेंटिमीटर व्यासाचं भोक. खिडक्यांच्या वर ६ सेंटिमीटर पत्रा शिल्लक, तिथे पाण्याची नळी. वरचं झाकण तीन कडांनी कापून चौथ्या कडेवर उघडतं ठेवलेलं, म्हणजे आतून घास बसवता येते.

तिसऱ्या दिवशी गडबड झाली, आणि ती प्रेमापोटी झाली. पत्र्याच्या काकांनी तिला कात्रीशी झटताना पाहिलं. ‘थांब पोरी, हात कापून घेशील,’ म्हणत त्यांनी ग्राइंडर लावला आणि दहा मिनिटांत एक खिडकी काढून दिली. कड सरळ, कोपरे काटकोनात, दुमड एकसारखी. घरचे खूश झाले. दुसऱ्या दिवशी शाळेत मॅडमनी खिडकीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘इथे पत्रा फाटला कसा नाही?’ तिला सांगता आलं नाही.

मॅडमनी डबा नाकारला नाही. त्यांनी दुसरा डबा आणायला सांगितला. एक डबा शिकण्याचा, एक करण्याचा. मोठ्या माणसांनी शिकण्याच्या डब्यावर काहीही करून दाखवावं, करण्याच्या डब्याला फक्त तिचा हात लागेल. अपवाद एकच, २३० व्होल्टवर चालणारं कोणतंही हत्यार किंवा जोडणी. ते काम मोठ्यांचं, आणि तसं वहीत लिहायचं. प्रयोगवहीच्या डाव्या पानाला दोन रकाने पडले: ‘कोणी दाखवलं’ आणि ‘कोणी केलं’. अशा प्रकल्पांत मदत कुठे थांबवायची यावर पुष्कळ चर्चा होते. जास्तीच्या डब्याने तो प्रश्न सोडवला, आणि त्याला रद्दीवाल्याकडे फार पैसेही पडत नाहीत.

काकांनी मग तीच खिडकी जुन्या डब्यावर कात्रीने काढून दाखवली. पद्धत अशी. रेघ पेन्सिलीने न ओढता खिळ्याच्या टोकाने ओरखडायची, कारण पत्र्यावर पेन्सिल पुसली जाते. डब्याच्या आत लाकडाचा ठोकळा धरून खिडकीच्या मधोमध खिळ्याने भोक पाडायचं आणि तिथून गोल गोल कापत रेघेकडे यायचं. थेट रेघेवर कात्री घातली तर पत्रा वाकतो आणि कड लाटेसारखी होते. रेघेच्या आत ६ मिलिमीटर पत्रा सोडून कापायचं. प्रत्येक कोपऱ्यात रेघेपर्यंत तिरका चीर द्यायचा, मग ती ६ मिलिमीटरची पट्टी पकडीने आत दुमडायची. चीर दिला नाही तर दुमडताना कोपरा फाटतो. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. जाड सुती हातमोजे घालूनच काम करायचं, आणि कापलेले पत्र्याचे तुकडे लगेच एका डब्यात टाकायचे. जमिनीवर पडलेला तुकडा चपलेतूनही घुसतो.

तिच्या तीन खिडक्यांना दोन दिवस लागले. एक खिडकी ४ मिलिमीटरने तिरकी आहे. ती तशीच ठेवली.

वीज

या भागावर वाद नको होता आणि झालाही नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, मुलंही जातात. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला पंप एकत्र आले की सुटका अवघड. वायरिंगवाल्या भाऊने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘घरचा करंट या डब्याजवळ आणायचाच नाही.’

म्हणून पंखा जुन्या कॉम्प्युटरमधला, १२ सेंटिमीटरचा, १२ व्होल्टचा घेतला. तो जवळपास पाव अँपिअर घेतो, म्हणजे ३ वॉट. पंप ५ व्होल्टचा छोटा बुडता पंप, साधारण १ वॉटचा, जुन्या मोबाइल चार्जरवर चालणारा. अॅडॅप्टर आणि चार्जर दोन्ही डब्यापासून मीटरभर दूर, टेबलावर, डब्याच्या पातळीच्या वर. वायर डब्यातून निघाल्यावर आधी खाली झोळ घेते आणि मग वर चढते. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, जोडापर्यंत पोचत नाही.

पंख्याच्या चौकटीवर बाण कोरलेले असतात, एक पात्याच्या फिरण्याचा आणि एक हवेच्या दिशेचा. हवेचा बाण डब्याच्या बाहेरच्या दिशेला असावा. पंख्याने हवा घासेतून आत ओढून पुढे फेकली पाहिजे. तिने आधी उलटा लावला होता. तेव्हा समोरून काहीच वारा येत नव्हता आणि तिन्ही घासेतून बाहेर तुषार उडत होते. छोट्या पंपाच्या वायरा उलट लागल्या तर तो फिरतो, आवाजही करतो, पण पाणी जेमतेम चढतं. पंप खराब निघाला असं समजून अनेक जण दुसरा आणतात. आधी वायरा बदलून पाहाव्यात.

घास आणि वाळा

प्रत्येक खिडकीसाठी दोन जाळ्यांमध्ये ३ सेंटिमीटर जाडीची घास, कोरडी साधारण ४५ ग्रॅम. वुडवूल म्हणजे लाकडाच्या लांब, कुरळ्या, केसांसारख्या सालपट्या. नवी घास पहिल्या भिजवणीला तपकिरी पाणी सोडते. ते पाणी फेकून द्यायचं, नाहीतर पंख्यावरच काय, समोर बसलेल्याच्या शर्टावरही डाग पडतात.

वाळ्याचं आजीला माहीत होतं. तिच्या लहानपणी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर दुपारभर पाणी शिंपडत. कूलरमधून पंखा काढून टाकला तर उरतं ते हेच. तिने सांगितलेली कामाची गोष्ट म्हणजे वाळा रात्रभर भिजू द्यायचा. कोरड्या मुळांवरून पाणी घसरून जातं, मुरल्यावरच ती पाणी धरतात. वाळ्याच्या एका ताटीला तेवढ्याच जाडीसाठी साधारण ६० ग्रॅम मुळं लागली.

पाणी वर नेण्यासाठी मासे ठेवायच्या टाकीला वापरतात ती ४ मिलिमीटर पोकळीची पारदर्शक नळी होती. तिच्यात तापवलेल्या सुईने दर ३ सेंटिमीटरला एक भोक, तिन्ही बाजू मिळून अठरा. नळी एकाच टोकाने जोडली तेव्हा पहिल्या सहा भोकांतून धार आणि शेवटच्या सहांतून काहीच नाही. ‘पाणी तिकडे जाऊनच नाही राहिलं,’ ही तिची वहीतली नोंद. उपाय म्हणून पंपाच्या तोंडाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून नळी दोन्ही टोकांनी भरली, आणि नळीखाली घासेच्या माथ्यावर जुन्या धोतराची दुहेरी पट्टी ठेवली. पाणी आधी पट्टीत पसरतं आणि मग सगळीकडे सारखं उतरतं. डबा पातळीत नसेल तरी पाणी एका बाजूला जातं, म्हणून खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून तो समतल केला.

मोजमाप

इथपासून प्रकल्प मॉडेल राहत नाही, अभ्यास होतो, म्हणून थोडं सावकाश.

हवा पाण्यावरून गेली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. त्यामुळे हवा गार होते. पण किती गार होईल याला तळ आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथे थांबतो, ते ओलं तापमान. साधा कूलर त्याखाली जाऊच शकत नाही. म्हणून कूलरची परीक्षा ‘किती अंश उतरले’ यावर घ्यायची नसते. कोरड्या आणि ओल्या तापमानात जेवढं अंतर आहे, त्यातलं किती टक्के कापलं हे पाहायचं.

शाळेतून तीन थर्मामीटर मिळाले. मॅडमनी पहिलं काम दिलं ते तिन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात अर्धा तास ठेवून वाचण्याचं. एक थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवत होता. तो आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहिला आणि त्या थर्मामीटरच्या पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा केला. ओल्या थर्मामीटरसाठी मलमलची पट्टी घेतली, पण नव्या कापडाला खळ असते आणि खळीचं कापड पाणी वर ओढत नाही. सोड्यात उकळून घेतल्यावर पट्टी बरोबर चालली.

पहिली चाचणी दहाव्या दिवशी दुपारी, उघड्या व्हरांड्यात. कोरडं तापमान ३२, ओलं २०, पंख्यासमोरची हवा २९.५. बारा अंशांच्या अंतरातले अडीच कापले, म्हणजे २१ टक्के. मुलगी हिरमुसली. गादीवाले चाचा रस्त्यापलीकडून बघत होते. ते आले, घासेच्या ताटीपाठी हात धरला आणि वरच्या कडेला बोट लावलं. तिथे दोन बोटं मोकळी फट होती.

‘बेटा, घास भिजली की बसते. गादीवानी शिव तिला.’

कूलर दुरुस्त करणारे हे दर एप्रिलला पाहतात. भिजल्यावर घास जड होऊन खाली सरकते, वर फट पडते आणि हवा सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे त्या फटीतून, कोरडीच आत शिरते. खाली कितीही पाणी असो. चाचांनी दाभण आणि सुतळी आणली, शिकण्याच्या डब्यासाठी केलेल्या ताटीवर चार टाके घालून दाखवले आणि दाभण तिच्या हातात दिलं. टाका जाळीसकट आरपार, दर ६ सेंटिमीटरला. ओढ इतकीच की घास दबेल पण उजेड थोडा दिसत राहील. फार आवळली तर हवा अडते आणि पंखा घरघरतो. तिने तिन्ही ताट्या शिवल्या, माथ्याला मूठभर घास जास्तीची भरली आणि झाकणाच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण तिथूनही कोरडी हवा येत होती.

दुसऱ्या चाचणीत पंख्यासमोर २०.५ अंश आले. ९६ टक्के. गल्लीत जवळजवळ पेढे वाटले गेले. मॅडमनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे फार चांगलं आहे. म्हणून मला खरं वाटत नाही.’

बाजारातल्या चांगल्या जाड पॅडनाही हा आकडा कठीण. मग डब्यातल्या घासेला कसा जमावा? मॅडमनी सुचवलेली तपासणी कोणालाही करता येईल. साध्या कागदावर शाईच्या पेनाने अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने निळ्या रेघा ओढायच्या आणि तो कागद मिनिटभर पंख्यासमोर धरायचा. तिने धरला. कागद हाताला कोरडा लागत होता, पण उजेडात तिरका केला तर रेघांवर बारीक बारीक जागी शाई फुलली होती, मोहरीएवढ्या निळ्या ठिपक्यांसारखी. पंखा थेंब ओढत होता. ते थेंब थर्मामीटरच्या फुग्यावर बसत होते, आणि कोरडी हवा मोजायला ठेवलेला थर्मामीटर नकळत ओलं तापमान दाखवत होता.

कारण सापडलं. नळी घासेच्या आतल्या कडेवर होती आणि पंप गरजेपेक्षा जास्त पाणी देत होता. नळी बाहेरच्या कडेकडे सरकवली, नळीवर चिमटा लावून पाणी कमी केलं. घास सगळीकडे ओली दिसावी आणि खालून थेंब थेंब गळावं, धार लागू नये, हे त्याचं प्रमाण. कागदावर एकही ठिपका फुलला नाही तेव्हा पुन्हा मोजलं. कोरडं ३२, ओलं २०, बाहेर येणारी हवा २४.५. साडेसात अंश, सुमारे ६२ टक्के. कूलर सुरू करून पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग दर दहा मिनिटांनी एक अशी तीन वाचनं घ्यायची, असा नियम होता. तिन्ही वाचनं अर्ध्या अंशाच्या आत आली.

दुसऱ्या दिवशी तिन्ही खिडक्यांत वाळा. कोरडं ३२.५, ओलं २०, बाहेर २६. साडेसहा अंश, ५२ टक्के. जाड मुळांमधून हवा मोकळी निसटते. सालपट्यांच्या बारीक जाळ्यात ती जास्त ओल्या पृष्ठाला घासून जाते. वाळा मात्र बसला नाही, टाक्यांशिवायही उभा राहिला, आणि त्याचा वास व्हरांडाभर होता. आजीच्या मते तोच जिंकला. वहीत दोन्ही निकाल आहेत.

पाण्याचाही हिशेब झाला. घास पूर्ण भिजल्यावर टाकीत पाण्याच्या पातळीला खूण केली, तासभर कूलर चालवला आणि खुणेपर्यंत येईतो मोजपात्राने पाणी घातलं. १५० मिलिलिटर लागलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४३० ज्यूल उष्णता लागते. १५० ग्रॅमना सुमारे ३६५ किलोज्यूल, ते एका तासात, म्हणजे जवळपास १०० वॉट. पंखा आणि पंप मिळून वीज घेतात ४ वॉट. ही गुणाकार-भागाकाराची तीन ओळींची आकडेमोड संपूर्ण प्रकल्पातली सर्वांत देखणी गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. भाऊने ती दोनदा करून पाहिली.

प्रदर्शनाचा दिवस

वर्ग बंद, खिडक्यांना पडदे, आत साठेक मुलं. कूलर सुरू केला तर हवा पाचच अंशांनी उतरली. शेजारच्या टेबलावरची मुलं हात समोर धरून म्हणाली, ‘काही गार नाही होऊन राहिलं.’ कोरडं ३१, ओलं २२.५, पंख्यासमोर २६. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने आणि कूलरच्या स्वतःच्या वाफेने दमटपणा वाढतो, ओलं तापमान वर चढतं आणि कापायला अंतरच कमी उरतं. तिने फळ्यावर भागाकार केला: साडेआठातले पाच, ५९ टक्के. कूलर जवळपास व्हरांड्यातल्याइतकाच काम करत होता, खोली बदलली होती.

परीक्षकांनी विचारलं, मग उपाय काय? तिने पडदा सरकवला, खिडकी उघडली, डब्याची पाठ खिडकीकडे केली आणि समोरचं दार उघडं ठेवायला सांगितलं. नागपूरचे कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर का बसवतात, याचं उत्तर तिथेच मिळालं. बाहेरची कोरडी हवा आत यायला हवी आणि दमट हवेला जायला वाट हवी. पुढचा प्रश्न पावसाळ्याचा होता. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान सुमारे २७ असतं. तीन अंशांतले ६२ टक्के म्हणजे दोनही नाहीत. मे महिन्यात ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेला ओलं तापमान सुमारे २२ येतं, आणि त्याच डब्याने हवा साडेतेरा अंशांनी उतरायला हवी.

‘कोणी दाखवलं’ या रकान्यात पाच जणांची कामं होती. परीक्षकांनी त्यातली दोन निवडली आणि दाभणाचा टाका व पत्र्याचा कोपरा समोर करून दाखवायला सांगितला. शिकण्याचा डबा टेबलाखालीच होता.

खर्च ५०० च्या आत बसला, कारण पंखा, चार्जर आणि धोतर घरचं होतं. पंप, नळी, टी, जाळी, वुडवूल, वाळा आणि दोन डबे एवढंच विकत घेतलं.

प्रदर्शनानंतरची कामं कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. टाकी पूर्ण रिकामी करून डबा उन्हात उलटा ठेवावा, नाहीतर शिवणीला आठवड्यात गंज धरतो. घास सावलीत वाळवावी, ओली बांधून ठेवली तर कुजट वास कायमचा बसतो. बोअरचं पाणी वापरलं असेल तर नळीच्या भोकांवर पांढरे क्षार जमतात. नळी रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली की ते सुटतात. पंपाची जाळी काढून दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावी.

डबा सध्या गादीवाल्या चाचांच्या दुकानात वरच्या फळीवर आहे. वहीच्या मागच्या पानावर मे महिन्यासाठी रोज दुपारी तीनचे रकाने आखलेले आहेत: कोरडं, ओलं, बाहेरचं, टक्के. साडेतेरा अंश पेन्सिलीने लिहिलेत, शेजारी प्रश्नचिन्ह.